'लेट' म्हणजे जाऊ द्या की जाऊ या?



मागच्या सेमिस्टरला आमच्या रूमवर मॉक इंटरव्ह्यू चालला होता. माझी रूममेट मराठी माध्यमातली. "सुट्टीत पुण्याला ट्रेनिंगला का गेली नाहीस?" या प्रश्नावर ती म्हणाली, "माय फादर डिड नॉट गिव्ह मी टू गो." सगळ्या हसल्या. कॉन्व्हेंटवाली म्हणून मी जरा जास्तच हसले. त्या रात्री ती मेसला आलीच नाही.

मग मी विचार केला, तिचं चुकलं कुठे? "बाबांनी जाऊ दिलं नाही" हेच तिने शब्दाला शब्द लावून सांगितलं होतं. माझं गाव धर्माबाद, तेलंगणाच्या सीमेवरचं. तिथल्या मिरचीच्या बाजारात मराठी, तेलुगू, दखनी सगळं कानावर पडतं. मराठीत 'जाऊ दे', दखनीत 'जाने दो', तेलुगूत 'पोनिव्वु', आणि त्यातल्या 'इव्वु'चा अर्थही 'दे' असाच! आपण परवानगी 'देतो'. इंग्रजीत मात्र क्रियापदाबरोबर 'गिव्ह' चालत नाही, तिथे 'लेट' लागतं. त्याचा मूळ अर्थ सोडणे, राहू देणे. म्हणजे द्यायचं काहीच नाही, फक्त अडवायचं नाही.

आमच्या तालुक्यातला गोदावरीवरचा बाभळी बंधारा घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याचे दरवाजे उघडेच ठेवायचे, नदीला वाहू द्यायचं. हे झालं 'लेट'. शिवाय साठवलेल्या पाण्यातलं ०.६ टीएमसी पाणी १ मार्चला खाली सोडायचं. हे झालं 'गिव्ह'. फरक लक्षात आला ना?

आता वापराकडे वळू. 'लेट'नंतर 'टू' येत नाही: 'लेट मी गो'. 'अलाऊ' आणि 'परमिट'नंतर मात्र 'टू' हवाच: 'अलाऊ मी टू गो'. भूतकाळातही 'लेट' बदलत नाही: 'ही लेट मी गो यस्टरडे'. रेक्टरच्या अर्जात 'लेट' लिहू नका, ते घरगुती वाटतं. तिथे 'काइंडली परमिट मी टू' असंच लिहावं. 'लेट्स गो' म्हणजे 'जाऊ या'. पण वॉचमनकाकांना गेट उघडायला सांगताना 'लेट अस गो', म्हणजे 'जाऊ द्या'. मॅथ्समधलं 'लेट एक्स बी' म्हणजे आपलं 'समजा'. तिथे कोणी परवानगी मागत नाही!

एक गंमत सांगते. आपल्या पासपोर्टवर 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' असं छापलेलं असतं. हा 'लेट' वेगळा, त्याचा अर्थ अडथळा! टेनिसमध्ये सर्व्हिस नेटला घासून आत पडली की ओरडतात तो 'लेट' हाच. त्याचं नातं उशीरवाल्या 'लेट'शी आहे.

यंदा रूममेटच्या बाबांनी तिला ट्रेनिंगला जाऊ दिलं. इंटरव्ह्यूत तिने 'लेट' बरोबर वापरलं. मला वाटतं, कुणाच्या इंग्रजीला हसण्याआधी त्यामागचं मराठी वाक्य ऐकावं. मी तिला उशिरा का होईना, सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "जाऊ दे गं!"

हेसुद्धा 'लेट'च.