विहिरीतली तांबडी रेघ

“पाताळातलं पाणी कधी बाटतं का?” हा आमच्या सासूबाईंचा सवाल. मलाही ते पटे. म्हणूनच २०१९ साली लेक बाळंतपणाला येणार म्हणून परसात संडास बांधला, तेव्हा शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला, साठ पावलांवर घेतला तरी आम्ही निर्धास्त होतो.

पावसाळ्यात तान्ह्या नातवाला जुलाब लागले. पाणी तपासले, तर त्यात मैल्यातले जंतू!

विहीर उपसायला आलेल्या म्हाताऱ्याने मला काठाशी बोलावले. “बाई, वर मुरूम, खाली मांजऱ्या, मग ती तांबडी रेघ, अन् तळाला काळा पाषाण. पाणी रेघेवरनं चालतं.”

म्हातारा शाळेत गेला नव्हता, पण भूशास्त्रज्ञही हेच सांगतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर एकावर एक पसरले. दोन थरांमध्ये काही ठिकाणी तांबडी चिकणमाती दबून राहिली. तिला ‘बोल’ म्हणतात. पाणी भेगांतून उतरते, बोलाशी अडते आणि आडवे वाहू लागते. वाळूतून झिरपताना ते बरेचसे गाळले तरी जाते. खडकाच्या भेगेत कसले आले गाळणे? जसे शिरले तसेच बाहेर!

तरी माझा विश्वास बसेना. मग जावयांनी खड्ड्यात हिरवा रंग ओतला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते, तर त्या तांबड्या रेघेवरून हिरवी धार ओघळत होती!

खड्डा त्याच आठवड्यात बुजवला, नवा उताराला खाली खणला. सासूबाईंनी मात्र देवघरातला पाण्याचा तांब्या मुकाट्याने उचलला आणि चुलीवर उकळत ठेवला.