अकरा कोटींत अमरावतीचा वाटा किती?

२४ नोव्हेंबर २०२४ रोजी सौदी अरबस्तानातल्या जेद्दा शहरात आयपीएलचा मोठा लिलाव चालू होता. जितेश शर्माचं नाव पुकारलं गेलं आणि अमरावतीत जन्मलेल्या ह्या यष्टिरक्षक-फलंदाजाला बेंगळुरूच्या संघाने ११ कोटी रुपयांना घेतलं. हाच जितेश २०२२ मध्ये पंजाबकडे २० लाखांत गेला होता. पैसे वाया गेले नाहीत. २७ मे २०२५ला लखनौविरुद्ध २२८ धावांचा पाठलाग करताना बदली कर्णधार म्हणून त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा कुटल्या. पुढच्याच आठवड्यात, ३ जूनला, बेंगळुरूने अठराव्या हंगामात पहिल्यांदा आयपीएलचा करंडक उचलला.

आता हिशोब. ह्या ११ कोटींपैकी अमरावतीच्या मैदानाकडे किती आले? ज्या मास्तरांनी पोट्टं पहिल्यांदा हेरलं आणि ज्या क्लबच्या जाळ्यात त्याने हजारो चेंडू खेळले, त्यांच्याकडे किती? एक पैसाही नाही. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही. क्रिकेटचा कायदाच तसा आहे.

फुटबॉलमध्ये मात्र चित्र वेगळं आहे. तिथे पोरगं वाढवणं हा क्लबचा स्वतःचा धंदा असतो. बार्सिलोना क्लबने ‘ला मासिया’ हे आपल्या मैदानाशेजारचं अठराव्या शतकातलं जुनं शेतघर १९७९ मध्ये मुलांचं वसतिगृह म्हणून सुरू केलं, आणि पुढे अर्जेंटिनाहून आलेला तेरा वर्षांचा मेस्सी तिथल्याच व्यवस्थेत वाढला. क्लब मुलाला आठव्या-दहाव्या वर्षी घेतो, शाळा बघतो, जेवणखाण बघतो, सांधे आणि स्नायू बघतो. हे सगळं तो पुण्य म्हणून करत नाही. मुलगा पुढे दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला की आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिफाच्या, नियमानुसार बदलीच्या रकमेतले पाच टक्के बाजूला काढले जातात. मुलाच्या १२व्या वर्षापासून २३व्या वर्षापर्यंत ज्या ज्या क्लबने त्याला शिकवलं, त्यांच्यात ते वर्षांच्या हिशोबाने वाटले जातात. मुलगा पहिल्यांदा व्यावसायिक करार करतो तेव्हा प्रशिक्षणाची भरपाई निराळी. तेरा-चौदा वर्षांच्या मुलावर दोन वर्षं मेहनत घेतलेला एखादा गल्लीतला क्लब दहा वर्षांनी दार वाजवू शकतो, आणि दार उघडावंच लागतं.

अकरा कोटींचे पाच टक्के म्हणजे ५५ लाख. तुलना पुरती जुळत नाही हे मान्य, कारण आयपीएलची बोली हा खेळाडूचा पगार असतो. एका क्लबने दुसऱ्याला दिलेली ती किंमत नव्हे. तरीही ५५ लाखांत अमरावती-अकोल्याच्या एखाद्या मैदानाचं किती काम होईल, याचा विचार मनातून जात नाही.

तसं पाहिलं तर खेळाडू घडवणं वऱ्हाडाला कुणी शिकवायची गरज नव्हती. अमरावतीत १९१४ मध्ये अंबादासपंत वैद्य आणि त्यांच्या बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती ही मंडळाची सुरुवात. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाचं पथक थेट जर्मनीत गेलं आणि आपले देशी खेळ, त्यांत कबड्डीही, तिथल्या लोकांना दाखवून आलं. १९४९ मध्ये स्टॉकहोमच्या लिंगियाड ह्या व्यायाम-महोत्सवात पुन्हा पथक गेलं. १९६७ पासून शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय आहे, आणि मंडळाचे प्रभाकरराव वैद्य यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. मंडळाने खेळाडू तयार केलेच, पण खेळ शिकवणारे जास्त तयार केले. ड्रिल घेणारे, शिट्टी फुंकणारे, शनिवारी सकाळी मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारे पीटीचे मास्तर इथून शिकून शाळाशाळांत गेले. युरोपातला क्लब मुलाला आपल्या आवारात आणून वाढवतो. अमरावतीने शिकवणाऱ्यालाच मुलांकडे पाठवलं. माझ्या मते ही कल्पना ला मासियापेक्षा कमी दर्जाची नाही. फक्त तिच्या खात्यावर कधी काही जमा होत नाही.

फुटबॉल अकादमीच्या सर्वांत जवळचं असं वऱ्हाडात काही असेल तर ती अकोल्याची क्रीडा प्रबोधिनी. राज्य सरकारची ही निवासी व्यवस्था आहे. लहान वयात चाचण्या घ्यायच्या, धावणं, उडी, लवचिकता मोजायची, निवडलेल्या मुलांना राहायला, खायला, शाळेला सगळं द्यायचं, आणि एकाच खेळात घासायचं. अकोल्याच्या वाट्याला मुष्टियुद्ध आलं आणि अकोल्याने त्यात नावही काढलं. ज्या गावाचं नाव घेतल्यावर बाहेरच्यांना फक्त कपाशी आणि ४५ अंशांचं ऊन आठवतं, तिथली पोरं देशाच्या रिंगणात ठोसे मारतात. पण मुष्टियुद्धाला लिलाव नाही, म्हणून आपण परत क्रिकेटकडे येऊ.

क्रिकेटमध्ये वऱ्हाडातला मुलगा कुठल्याही व्यावसायिक संघाच्या मालकीचा नसतो. तो विदर्भ क्रिकेट संघटनेचा, म्हणजे व्हीसीएचा असतो, आणि व्हीसीए नागपुरात. विदर्भाचे अकरा जिल्हे तिच्याकडे. त्यांतले पश्चिमेचे पाच अमरावती विभागात, म्हणजेच वऱ्हाडात. जिल्ह्याच्या संघातून मुलगा आंतरजिल्हा सामन्यांत दिसतो. तिथून नागपूरचं शिबिर, आणि मग वयोगटांची उतरंड सुरू होते: सोळा वर्षांखालच्यांसाठी विजय मर्चंट करंडक, एकोणीसखाली कूचबिहार आणि विनू मांकड, तेवीसखाली सी. के. नायडू, शेवटी रणजी. सोळाखालच्या गटात शिरण्याआधी मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासलं जातं. एकेकाळी जन्मदाखल्यावर दोन-दोन वर्षं कमी करून खेळणारी पोरं सगळ्या देशात होती. आता शाळेचा दाखला काहीही म्हणो, मनगटाचं हाड खरं सांगतं.

पण त्या एक्स-रेपर्यंत पोहोचण्याआधीच बहुतेक मुलं गळतात, आणि त्याचं मोठं कारण मला खेळपट्टी वाटतं.

जिल्ह्याच्या गावांत मुलं मॅटिंगवर वाढतात. मुरमाच्या किंवा सिमेंटच्या पट्टीवर काथ्याची चटई ताणून, खिळे ठोकून पक्की करायची आणि खेळायचं. मॅटवर चेंडू उंच उसळतो आणि जवळजवळ दर वेळी सारखाच उसळतो. फिरकी चावा घेऊन वळते. असा मुलगा मागच्या पायावर जाऊन कट-पुल झकास मारतो. त्याला टर्फवर आणा. चेंडू शिवणीवर पडून कधी आत येतो, कधी बाहेर जातो, मधेच घोट्याखाली बसतो, आणि पुढचा पाय टाकून खेळायची सवय तर मुळीच नसते. गोलंदाजाचंही तसंच. सपाट तळव्याच्या बुटांनी मॅटवर पळालेला पोरगा खिळ्यांचे बूट घालून टर्फवर पळताना आपली लयच हरवतो. निवड चाचणीत असं पोट्टं दोन षटकांत उघडं पडतं, आणि परतीच्या प्रवासात घरच्यांना वाटतं की मुलात दमच नव्हता.

टर्फची खेळपट्टी वऱ्हाडात बनवता येत नाही असं नाही. चिकण अंश भरपूर असलेली काळी माती तर इथे शेतोशेत आहे. अडचण त्या मातीला सांभाळण्याची. तिला पाणी लागतं, रोलर लागतो, उन्हाळ्यात भेगा पडू न देणारा माळी लागतो. अकोल्यात उन्हाळ्यात घरच्या नळालाच रोज पाणी येत नाही. तिथे बावीस यार्डांना रोज पाणी पाजायचं म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. म्हणून नागपूर. बॅट, पॅड, हेल्मेट कोंबलेली किटबॅग घेऊन बडनेऱ्याहून किंवा अकोल्याहून गाडी पकडायची. अकोला ते नागपूर अडीचशे किलोमीटर. गाडीचं भाडं जमून जातं. अवघड असतं ते बापाची रजा, नातेवाइकाकडचा मुक्काम आणि बुडालेली शाळा.

नागपूरला पोहोचल्यावर काय मिळतं, हे गेल्या दीड दशकात फार बदललं. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतो. साठ वर्षं हा संघ दुसऱ्यांना गुण मिळवून देण्यासाठी आहे असंच बाकीचे समजत. मग आधी भारताकडून खेळलेले प्रशांत वैद्य यांच्या पुढाकाराने व्हीसीएची अकादमी उभी राहिली, सुब्रतो बॅनर्जींसारखा प्रशिक्षक वेगवान गोलंदाजांवर काम करू लागला, आणि खापरखेड्याच्या खाण कामगाराचा मुलगा उमेश यादव २०११ मध्ये कसोटी खेळला. २०१७ मध्ये चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, सोबत कडक शिस्त. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या होळकर मैदानावर फैज फजलच्या संघाने दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं आणि विदर्भ पहिल्यांदा रणजी विजेता झाला. त्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीच्या हॅट्ट्रिकचा गाजावाजा झाला, आणि तो रास्तच होता. पण वऱ्हाडच्या दृष्टीने बघण्यासारखा मुलगा दुसराच: अकोल्याचा आदित्य ठाकरे, वय १९, वेगवान गोलंदाज. त्याचं रणजी पदार्पणच अंतिम सामन्यात झालं. त्याच महिन्यात जखमी ईशान पोरेलला पर्याय म्हणून त्याला न्यूझीलंडला पाठवलं गेलं, आणि भारताने जिंकलेल्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाच्या संघात तो होता.

त्याच हंगामात विदर्भाच्या एकोणीसखालच्या संघाने कूचबिहार करंडक जिंकला. मध्य प्रदेशविरुद्धच्या अंतिम सामन्यात अकोल्याच्याच अथर्व तायडेने ३२० धावा काढल्या. एका डावात, चार दिवसांच्या क्रिकेटमध्ये, अठराही पूर्ण न झालेल्या मुलाने. मला जितेशच्या ८५पेक्षा हे ३२० जास्त महत्त्वाचे वाटतात. ८५ला लागते नजर आणि हिंमत. ३२०ला टर्फवर दोन दिवस पाय कुठे टाकायचा हे शिकवलेलं असावं लागतं, आणि ती शिकवण कुठून तरी आलेली असते. पुढे पंजाबने तायडेला घेतलं, मग हैदराबादने. रणजी विदर्भाने २०१८-१९ मध्ये राखला आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा जिंकला. आता विदर्भाला कुणी हलक्यात घेत नाही.

मुलींची वाट याहून अरुंद होती. महिला क्रिकेट २००६ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाच्या छत्राखाली आलं, त्याआधी जिल्ह्याच्या गावातल्या मुलीला शिडीच नव्हती. अमरावतीची भारती फुलमाळी मार्च २०१९ मध्ये इंग्लंडविरुद्ध भारताकडून टी-ट्वेंटी खेळली. मार्च २०२५ मध्ये महिला प्रीमियर लीगमध्ये गुजरातकडून मुंबईविरुद्ध तिने २५ चेंडूंत ६१ धावा झोडल्या. सामना गुजरातने गमावला, पण ज्यांनी तो पाहिला ते ती खेळी विसरणार नाहीत. एकाच गावातून जितेश आणि भारती, दोघेही शेवटच्या षटकांत मैदानाबाहेर चेंडू भिरकावणारे. यामागे काही गुपित असावं असं वाटतं खरं, बहुधा नसावं.

पैशाचं गणित क्रिकेटनेही अगदीच सोडलेलं नाही, ते फक्त मुलाच्या बाजूने मांडलं आहे. भारतीय मंडळाने २०२१ मध्ये मानधन वाढवलं तेव्हा एकोणीसखालच्या मुलांना दिवसाला २० हजार आणि तेवीसखालच्यांना २५ हजार रुपये ठरले. अकोल्यात कापसाच्या एका खेपेचे पैसे घरी यायला किती दिवस लागतात ते ज्याला माहीत आहे, त्याला या आकड्याचं वजन कळेल. आता बाप मुलाची शाळा बुडाली तर पूर्वीइतका ओरडत नाही. जितेशने तर मुलाखतींत सांगितलं आहे की त्याला सैन्यात जायचं होतं, आणि राज्यपातळीवर खेळलं की परीक्षेत वाढीव गुण मिळतात म्हणून तो चाचणीला गेला. म्हणजे विदर्भाला एक यष्टिरक्षक मिळाला तो गुणपत्रिकेमुळे. कुठल्याही अकादमीच्या आराखड्यात हा रकाना सापडायचा नाही.

आणि मग मुलं निघून जातात. २०२५-२६च्या हंगामाआधी जितेश विदर्भ सोडून बडोद्याकडे गेला. त्यात वावगं काही नाही. खेळाडूला जिथे जागा दिसते तिथे तो जाणार. संघटनेचं ना हरकत प्रमाणपत्र मिळालं की झालं. फुटबॉलमध्ये अशा वेळी कागदांचा ढीग निघाला असता. नोव्हेंबर २०२२ पासून फिफाची एक वेगळी व्यवस्था फक्त हेच काम करते: खेळाडूची इलेक्ट्रॉनिक नोंदवही काढायची, बाराव्या वर्षापासून तो कुठल्या क्लबकडे किती महिने नोंदलेला होता ते बघायचं आणि ज्याचे त्याचे पैसे पोहोचते करायचे. त्या नोंदवहीत नाव नसेल तर क्लबने घाम गाळला असला तरी हाती काही लागत नाही.

वऱ्हाडातल्या मैदानांची खरी गोम मला इथे दिसते. समजा उद्या क्रिकेट मंडळाने फिफासारखा नियम केला. तर अमरावतीचा किंवा अकोल्याचा क्लब पुरावा म्हणून काय दाखवणार? फीच्या पावत्या, एखादं जुनं स्कोअरबुक, भिंतीवरचा करंडकासोबतचा फोटो. कोणता मुलगा कोणत्या वर्षी कुणाच्या हाताखाली होता, याची नोंद सहसा त्या मास्तरांच्या डोक्यातच असते. विदर्भ संघटना वयोगटाच्या चाचणीला येणाऱ्या प्रत्येक मुलाचा अर्ज घेते, जन्मदाखला घेते, सोळाखालच्यांच्या मनगटाचा एक्स-रे काढते. त्याच अर्जावर ‘आजवर कुठे आणि कुणाकडे शिकलास’ एवढी एक ओळ वाढवायला आणि ती जपून ठेवायला फारसा खर्च येणार नाही. नियम व्हायला वीस वर्षं लागली, तरी तोवर वीस वर्षांची वही तयार असेल.