वहिनी, बेवड काय होता?

पहिला दमदार पाऊस झाला, की जयपूरकर जलमहालाच्या पाळीवर भुट्टे खायला निघतात. निखाऱ्यावर भाजलेलं, लिंबू-मीठ-तिखट चोळलेलं ते कणीस आम्हालाही आवडतंच. पण तो साधा मका. मऊ, गोड दाण्यांचा मका, ज्याला आता सगळेच ‘स्वीट कॉर्न’ म्हणतात, तो घरामागे लावायचा ठरवला तेव्हा शेजारीण हसून म्हणाली, “जयपुरात मका?”

तिचं हसणं अगदीच चूक नव्हतं. राजस्थानात मका म्हणजे मेवाड. उदयपूर, चित्तोडगड, भिलवाडा आणि त्याखालचा बांसवाडा. जयपूरची वाळूसर जमीन बाजरीची, जवाची, मोहरीची. पाऊस वर्षाला सरासरी ६०० मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक जुलै ते सप्टेंबरमध्ये. पण स्वीट कॉर्नला तरी याहून जास्त दिवस कुठे लागतात?

आमची जागा तीन वाफ्यांची. पहिल्या वर्षी मधल्या वाफ्यात मका लावला आणि कणसं अशी निघाली, की शेजारणीच्या घरीही पिशवी भरून गेली. साहजिकच दुसऱ्या वर्षी मी पुन्हा तोच वाफा धरला. रोपं गुडघ्याएवढी झाली नाहीत तोच खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेपर्यंत पिवळी पडू लागली. खोडांना भोकं. कणसं बोटाएवढी. बियाणं वाईट, पाणी वाईट, हवा वाईट, सगळ्यांना दोष देऊन झाल्यावर गावी फोन केला. माझे दीर आयुष्यभर शेती करत आलेले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “वहिनी, बेवड काय होता?”

शहरात वाढलेल्या वाचकांसाठी सांगते. आधीचं पीक जमिनीत मागे जे भलंबुरं ठेवून जातं, तो बेवड.

“मक्यावरच मका घेतला, भावजी.”

“आणि धसकटं?”

“तशीच होती.”

“म्हणजे खोडकिड्याला तुम्ही घरच बांधून दिलंत!”

खोडकिड्याची अळी मक्याच्या उरलेल्या ताटांत आणि धसकटांत सुप्त पडून राहते आणि पुढच्या हंगामात बाहेर येते. शिवाय मका मोठा खादाड. नत्र तर ओरपून घेतो. पानांचा पिवळेपणा ही त्या उपासमारीची खूण होती.

तेव्हापासून फेरपालट. एका पावसाळ्यात ज्या वाफ्यात मका, तिथे हिवाळ्यात मटार. पुढच्या पावसाळ्यात तिथेच भेंडी, त्याच्या पुढच्या वर्षी गवार किंवा चवळी, आणि मग पुन्हा मका. मटार, गवार, चवळी यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात. म्हणून शेंगा संपल्या, की वेल उपटत नाही. जमिनीलगत कापते आणि पाला तिथेच गाडते. गवारीनंतर तो वाफा हिवाळाभर शेणखत घालून मोकळा ठेवते. तेवढंच पाणीही वाचतं. इथे त्याचं मोल फार. ज्या रामगडच्या तलावात १९८२च्या एशियाडमध्ये नौकांच्या शर्यती झाल्या, तो पुढे कोरडा पडला आणि २००९पासून जयपूरला बिसलपूर धरणाचं पाणी येऊ लागलं. ते उन्हाळी मक्याला घालायला मन धजत नाही. शिवाय एप्रिल-मेच्या झळांत परागच वाळून जातात, दाणा भरत नाही.

फेरपालटीनं सगळंच सुटतं असं मात्र नाही. २०१८ साली कर्नाटकात प्रथम आढळलेली अमेरिकन लष्करी अळी आता देशभर पसरली आहे. तिचे पतंग लांबवर उडत येतात, त्यांना तुमचा वाफा कोणता याचं काय? दिवसाआड पोंगे उघडून पाहायचे आणि अळ्या वेचायच्या.

नातीसाठी भिंतीलगत एकच ओळ लावली होती, ती कणसं बोळकी निघाली. मक्याचे पराग वाऱ्यानं पडतात आणि कणसाच्या रेशमाचा एकेक धागा एकेका दाण्याचा असतो. धाग्याला पराग मिळाला नाही, की तो दाणा रिकामा. म्हणून एक लांब ओळ नको, चार आखूड ओळी हव्यात. ओळींत दोन फूट, रोपांत वीतभर अंतर. जवळ साधा मका एकाच वेळी तुऱ्यावर आला, तर त्याच्या परागानं आपले दाणे पिठूळ होतात. पेरणी दोन-तीन आठवडे मागेपुढे करावी.

रेशीम बाहेर पडल्यावर वीसेक दिवसांनी ते तपकिरी होतं. तेव्हा एक दाणा नखानं दाबून पाहा. दूध आलं, की कणीस तयार. आणि गॅसवर पाणी उकळत ठेवून मगच तोडायला जा, कारण तोडल्या क्षणापासून साखरेचा स्टार्च होऊ लागतो. बाजारातलं कणीस पुष्कळदा फिकं लागतं ते यामुळेच.

ताटं अजून हिरवी असतात, ती शेजारणीच्या म्हशीला जातात. धसकटं मी कुदळीनं मुळासकट काढते. ऑक्टोबरात त्या वाफ्यात मटार पडतो. दसऱ्याला भावजींचा फोन येतो, शुभेच्छांच्या आधी विचारतात, “वहिनी, धसकटं काढलीत?”