डेंटिंग-पेंटिंगच्या पलीकडे

आपल्याकडे गाडी ठोकली गेली की पहिला प्रश्न येतो, ‘डेंटिंग-पेंटिंगला किती लागतील?’ गॅरेजच्या पाट्यांवरही हाच जोडशब्द असतो. शब्दांशी रोजचा संबंध असलेल्या माझ्यासारख्याला या शब्दाची जरा भीतीच वाटते. पोचा काढला, रंग मारला की गाडी दुरुस्त झाली, असा समज त्याने आपल्या मनात रुजवला आहे. जुन्या जीपच्या काळात तो बराचसा चालून जाई. आजच्या मोटारीच्या बाबतीत मात्र तो जिवाशी खेळ ठरू शकतो.

याचे कारण गाडीच्या बांधणीत आहे. जीपला खाली वेगळी पोलादी चौकट, म्हणजे चॅसिस असे आणि तिच्यावर पत्र्याचे अंग बसवलेले असे. आजच्या बहुतेक मोटारींत अशी वेगळी चॅसिस नसते. जोडलेल्या पत्र्यांचे अंग हाच सांगाडा असतो. त्यात माणसे बसतात तो मधला भाग कडक ठेवतात आणि पुढचा-मागचा भाग धडकेत चुरगळावा असा मुद्दाम घडवतात. मर्सिडीझने १९५९ साली अशा रचनेची गाडी बाजारात आणली, पुढे ती सर्वत्र रुळली. धडकेचा जोर पत्रा पितो आणि आतला माणूस वाचतो. पण चुरगळलेला भाग ठोकून सरळ केला, तर पुढच्या धडकेत तो तसेच काम करील याची खात्री राहत नाही. शिवाय सांगाड्यात जास्त ताकदीचे पोलाद वापरलेले असते. गॅसच्या ज्योतीवर लाल करून ते वाकवले की त्याची ताकद घटते. म्हणून कोणता भाग सरळ करायचा आणि कोणता कापून नवा जोडायचा, हे कारागिराच्या अंदाजाने नव्हे, तर कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेनुसार ठरायला हवे.

माझ्या भाच्याची चार महिन्यांची गाडी सक्करदरा चौकात सिग्नलला उभी होती. मागून मालवाहू गाडी आदळली. आठवड्याभरात गाडी चकाचक होऊन आली. ‘मामू, नवीच दिसते ना?’ तो म्हणाला. दिसत होती खरी. पण डिकीच्या झाकणाची फट एका बाजूला बोटभर आणि दुसऱ्या बाजूला नखाएवढी होती. मृगाच्या पहिल्या सरीत डिकीच्या गालिच्याखाली पाणी साचले. एका जुन्या मेकॅनिकने गाडी वर उचलली आणि म्हणाला, ‘चाचा, वरून रंग छान आहे, पण खालचा पत्रा अजून तिरपाच आहे.’ लेखी तक्रार आणि फोटो दिल्यावर वर्कशॉपने मागचा पत्रा पुन्हा उघडला आणि सांधे नव्याने केले.

यावरून काय पाहायचे ते ध्यानात येते. गाडी उजेडात घ्यावी, संध्याकाळच्या घाईत नव्हे. दारे, बोनेट, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, ते पाहावे. सांगाड्याला मार असेल तर मापे घेऊन तो जिगवर ओढला का, हे विचारावे आणि आधीची-नंतरची मापे मागावीत. चारही चाकांच्या अलाइनमेंटचा छापील कागद घ्यावा. एअरबॅग उघडली असेल तर ती पुन्हा घडी घालून बसवायची वस्तू नाही. ती नवीच लागते. धडकेत आवळले गेलेले सीटबेल्टही बदलावे लागतात. नव्या जोडांवर गंजरोधक थर दिला का, तेही विचारावे. नाहीतर रंगाखाली गंज धरतो आणि तो दिसतो वर्षा-दोन वर्षांनी.

आता विम्याकडे वळू. गाडी नवी असली तरी नेहमीच्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, बॅटरी, टायर आणि एअरबॅग यांच्या किमतीतून पहिल्या दिवसापासून ५० टक्के घसारा कापला जातो. धातूच्या भागांवर पहिले सहा महिने घसारा नसतो. सहा महिने ते एक वर्षापर्यंत तो ५ टक्के असतो. बंपर प्लॅस्टिकचा असतो, हे लक्षात घेतले की ‘झीरो डेप’ या जोडकलमाचे महत्त्व कळते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमाकृत किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण निकामी धरली जाते.

सर्व्हेअर येण्याआधी काहीही उघडू देऊ नये. बंपर काढल्यावर आतली आणखी मोडतोड दिसली तर काम थांबवून पुन्हा पाहणी करायला सांगावे. तो आपला हक्क आहे. सर्व्हे रिपोर्टची प्रतही मागता येते. जे भाग ‘बदलले’ असे बिलात आहे, ते जुने भाग डोळ्यांनी पाहावेत. आमच्या बुधवार बाजारात माणूस वांगेसुद्धा उलटेपालटे करून घेतो. लाखांच्या वस्तूला तेवढा मान द्यायला हरकत नाही.

तरीही बिनसले तर दारे दोन आहेत. क्लेमच्या रकमेचा वाद असेल तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. तिथे फी लागत नाही. वाद दुरुस्तीच्या दर्जाचा असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची आहे. बोट मात्र योग्य माणसाकडे दाखवावे. गोव्यातल्या एका ग्राहकाला विक्रेत्याने जुन्या बांधणीची, वापरलेली गाडी नवी म्हणून दिली होती. त्या प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने विक्रेत्याला जबाबदार धरले. निर्मात्या कंपनीला हे ठाऊक होते असा पुरावा नसल्याने तिला मात्र मोकळे केले. दुरुस्तीची तक्रारही आधी ज्याने काम केले, त्याच्याकडेच न्यावी.

या सगळ्याला कागद लागतात: अपघाताच्या जागेचे फोटो, अंदाजपत्रक, जॉब कार्ड, बिल. ‘समाधानकारक दुरुस्ती’च्या कागदावर सही करण्याआधी गाडी दहा किलोमीटर चालवून पाहावी. स्टिअरिंग सोडल्यासारखे धरले तर ती एका बाजूला ओढते का, ब्रेक दाबल्यावर तिरपी होते का, ते बघावे. काही खटकले तर सही थांबवावी, किंवा खटकलेले तिथेच लिहून मग करावी. रंग आपल्या डोळ्यांसाठी असतो. आत बसलेल्या लेकरांना सांभाळतो तो खालचा सांगाडा.