पराभवांतील पराक्रम : विजय हजारे

सामना हरला म्हणजे खेळ फुकट गेला, असें कित्येक विद्यार्थ्यांस वाटतें. काटेवाडीच्या पटांगणावरून हरून परतणारीं मुलें आम्ही पाहतों, तों त्यांच्या माना खालीं गेलेल्या असतात. आणि जिंकणाऱ्यांस मात्र सारा गांव पायघड्या घालावयास तयार असतो. ह्या समजुतींत तथ्य किती, हें पाहण्यासाठीं आम्ही विजय सॅम्युएल हजारे ह्यांचें खेळाडू-जीवन वाचकांपुढें ठेवीत आहों.

हजारे ह्यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजीं सांगली येथें एका मराठी ख्रिस्ती शिक्षकाच्या घरीं झाला. भावंडें आठ. पुढें देवासच्या महाराजांचा त्यांस आश्रय लाभला, व ऑस्ट्रेलियाचे नामांकित गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट ह्यांजकडून शिक्षणही मिळालें. बॅट दोन पायांमध्यें अडकवून उभें राहण्याची हजाऱ्यांची ढब चमत्कारिक होती. परंतु ग्रिमेट ह्यांनीं ती मोडली नाहीं. काय बदलूं नये, हें जाणणें हाही गुरूचा गुणच होय! १९३९-४० सालीं पुण्यास बडोद्याविरुद्ध हजाऱ्यांनीं नाबाद ३१६ धांवा केल्या. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्रिशतक करणारे ते पहिले भारतीय. नंतर ते बडोद्याकडूनच खेळूं लागले.

त्या काळीं मुंबईस धर्मवार संघांचे पंचरंगी सामने होत. हिंदु, मुसलमान, पारशी व युरोपियन ह्यांखेरीज जे उरत, त्या ख्रिस्ती, ज्यू वगैरे खेळाडूंचा 'शेष' संघ असे. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यांत ह्या संघानें दुसऱ्या डावांत ३८७ धांवा केल्या, आणि त्यांपैकीं ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या! त्यांचे बंधु विवेक ह्यांनीं केवळ २१ धांवा केल्या. परंतु ते चिकाटीनें उभे राहिले, म्हणूनच दोघांची ३०० धांवांची भागी झाली. सामना मात्र हिंदु संघानें जिंकला.

जानेवारी १९४८ मध्यें ॲडिलेड येथें ब्रॅडमनच्या संघानें ६७४ धांवांचा डोंगर रचला. हजाऱ्यांनीं एका डावांत ११६ व दुसऱ्यांत १४५ धांवा काढल्या. एकाच कसोटींत दोन शतकें करणारे ते पहिले भारतीय ठरले. तथापि भारत एक डाव व १६ धांवांनीं हरला. १९५२ च्या जून महिन्यांत लीड्स येथें तर एकही धांव होण्यापूर्वींच भारताचे चार गडी बाद झाले. कर्णधार हजारे मैदानांत उतरले, ५६ धांवा करून गेले, व फडकर ह्यांजबरोबर त्यांनीं १०५ धांवांची भर घातली. हाही सामना इंग्लंडनेंच जिंकला.

मग ह्या कर्णधारास यश लाभलेंच नाहीं काय? लाभलें. त्याच वर्षीं १० फेब्रुवारी रोजीं मद्रासेस त्यांच्या नेतृत्वाखालीं भारतानें इंग्लंडचा एक डाव व ८ धांवांनीं पराभव केला. १९३२ पासून खेळलेल्या पंचवीस कसोट्यांतील तो भारताचा पहिला जय. त्या सामन्यांत शतकें पंकज रॉय व पॉली उम्रीगर ह्यांचीं, बारा बळी विनू मंकड ह्यांचे. हजाऱ्यांची बॅट त्या वेळीं विशेष चालली नाहीं. अमेरिकन फुटबॉलांत क्वार्टरबॅक म्हणून जो गडी असतो, त्याच्या हातून बहुतेक चालींचा आरंभ होतो. तरी त्यानें फेंकलेला चेंडू झेलणारे हात दुसऱ्याचेच असतात. नायकाचें भाग्य सर्वत्र असेंच आहे.

३० कसोट्या, २१९२ धांवा व ७ शतकें एवढी त्यांची कमाई. १९६० सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. १८ डिसेंबर २००४ रोजीं बडोदें येथें त्यांचें निधन झालें. आज त्यांच्या नांवाचा करंडक देशभरचे संघ खेळतात.

विद्यार्थी मित्रहो, जय हा अकरा जणांनीं मिळून मिळवावयाचा असतो; तो एकट्याच्या हातीं नसतो. पण सोबतचे गडी पडत असतां आपण उभें राहणें, हें मात्र प्रत्येकाच्या हातीं आहे. तेवढें ज्यानें केलें, त्यानें हरलेल्या सामन्यांतून परततांना मान खालीं घालण्याचें कारण नाहीं.