पसंतीक्रमाचा अर्ज आणि त्यामागील गणित

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालकांचा एक प्रश्न आम्हा शिक्षकांकडे हमखास येतो. "सर, पोराला हवं ते कॉलेज वर लिहू, की मिळण्यासारखं वर लिहू?" याचे उत्तर मुलाच्या गुणांइतकेच, भरलेल्या यादीचे संगणक पुढे काय करतो यावर अवलंबून असते. संगणकाच्या या ठरावीक पायऱ्यांच्या रीतीस अल्गोरिदम म्हणतात. नवव्या शतकातील बगदादचे गणितज्ञ अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून हा शब्द आला. जागावाटपाचे दोन अल्गोरिदम जगभर प्रसिद्ध आहेत. वरवर ते सारखे दिसतात, परंतु मुलाने खरे लिहावे की हिशेबाने लिहावे याची उत्तरे ते अगदी वेगळी देतात.

उदाहरणार्थ, सुजाताला ९२ टक्के, मिलिंदला ८८ व राहुलला ८५ टक्के गुण आहेत. क, ख आणि ग या तीन महाविद्यालयांत प्रत्येकी एकच जागा असून ती गुणांवर द्यावयाची आहे. सुजाता व मिलिंद यांची पसंती क, ख, ग अशी. राहुलची ख, क, ग अशी.

पहिली रीत तत्काळ स्वीकृतीची. पहिल्या फेरीत सर्वांची पहिली पसंती पाहायची आणि दिलेली जागा कायमची द्यायची. क मध्ये सुजाता बसते, ख मध्ये राहुल. मिलिंद दुसऱ्या फेरीत ख च्या दाराशी येतो, तर ते बंद झालेले असते. ८८ टक्क्यांचा मिलिंद ग मध्ये जातो आणि ८५ टक्क्यांचा राहुल ख मध्ये राहतो. मिलिंदने मनातली पसंती दडवून ख वर लिहिले असते, तर ती जागा त्यालाच मिळाली असती. खरे लिहिण्याचा त्याला दंड झाला.

अमेरिकेतील बोस्टन शहरात शालेय प्रवेश अनेक वर्षे याच रीतीने होत. रीत समजायला सोपी, आणि इतक्या मुलांना पहिली पसंती मिळाली हे प्रशासनाला अभिमानाने सांगता येते, हे तिचे बळ. पण तेथील काही पालक गट करून भेटत, कोणती शाळा कितव्या क्रमांकावर लिहिणे फायद्याचे याची खलबते करीत. ज्यांना अशा बैठकांचा पत्ता नव्हता, ते मनातले खरे लिहीत आणि मागे पडत. नियम सर्वांना एकच होता. त्यातील खाचाखोचा मात्र काहींच्याच कानी पडत होत्या. हे वर्णन आपल्या समाजाला अपरिचित वाटू नये. अर्थतज्ज्ञांनी हा दोष दाखवून दिल्यावर बोस्टनने २००५ मध्ये ती रीत सोडली.

दुसरी रीत विलंबित स्वीकृतीची. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये एका छोट्या लेखात ती मांडली. फरक एवढाच की जागा तात्पुरती राखली जाते. पहिल्या फेरीत ख राहुलला धरून ठेवते. दुसऱ्या फेरीत मिलिंद ख कडे येतो. त्याचे गुण अधिक म्हणून ख राहुलला सोडून त्याला धरते. राहुल क कडे जातो, तेथे सुजाता आहे, म्हणून ग कडे जातो. आता हलण्यासारखे कोणी उरले नाही, म्हणून सर्व जागा कायम होतात. एकाच महाविद्यालयाकडे कोणी दोनदा जात नाही. त्यामुळे तीन मुले व तीन महाविद्यालये असताना नऊपेक्षा अधिक अर्ज होऊच शकत नाहीत, आणि वाटप संपणार हे निश्चित असते. मिलिंदने येथे खोटे लिहून काही अधिक मिळवले नसते. हवे तितके पर्याय लिहिण्याची मुभा असेल, तर खरा पसंतीक्रम लिहिणाऱ्याचे या रीतीत कधीच नुकसान होत नाही, हे गणिताने सिद्ध झालेले आहे.

मात्र एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे : सुरुवात कोण करतो? अमेरिकेत नव्या डॉक्टरांना रुग्णालये नेमून देण्याची अशीच व्यवस्था १९५२ पासून, म्हणजे गेल-शॅप्ली यांच्याही आधीपासून चालू होती. तिच्यात मागणी रुग्णालयाच्या बाजूने सुरू होई. मागणी करणाऱ्या बाजूला शक्य त्यांतले उत्तम मिळते, हा या अल्गोरिदमचा गुणधर्म आहे. म्हणून झुकते माप रुग्णालयांना होते. ॲल्विन रॉथ यांच्या साहाय्याने ती उलटवून १९९८ पासून उमेदवारांकडून सुरुवात होऊ लागली. न्यूयॉर्कच्या शाळांनीही रॉथ व सहकाऱ्यांच्या मदतीने २००३ मध्ये विलंबित स्वीकृती आणली. त्यापूर्वी यादीत न लिहिलेल्या शाळेत ढकलली जाणारी मुले सुमारे ३०,००० होती. पहिल्याच वर्षी ती संख्या सुमारे ३,००० वर आली. शॅप्ली आणि रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. गेल तोवर हयात नव्हते.

न्याय हा माणसाच्या मर्जीवर न सोडता कार्यपद्धतीत बांधता येतो, ही कल्पना आपल्याला नवी नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या सभानियमांकडे लक्ष वेधले होते. आसनांची मांडणी, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी या सर्वांचे नियम संघाला ठाऊक होते.

आता आपल्या मुलांच्या अर्जाकडे येऊ. आयआयटी व एनआयटीचे २०१५ पासूनचे संयुक्त जागावाटप विलंबित स्वीकृतीवर आधारलेले आहे. तेथे राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्याचा प्रत्येक पसंतीसाठी आधी खुल्या जागेकरिता गुणानुक्रमे विचार होतो आणि तेथे न बसल्यास प्रवर्गाच्या जागेकरिता. तेव्हा "आपल्याला ही शाखा कुठली मिळणार" म्हणून ती यादीतून गाळू नये. वर लिहिलेली पसंती हुकली, तरी खालच्या पसंतीवरचा हक्क तिळभर कमी होत नाही.

अकरावीच्या केंद्रीय प्रवेशात सर्वांची गुणवत्ता यादी पाहून क्रमाने जागा दिल्या जातात, म्हणून तेथेही खरा क्रम लिहिणेच हिताचे. दोन पथ्ये मात्र पाळावीत. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढील नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. म्हणून वसतिगृह, प्रवासखर्च, शुल्क यांचा विचार न करता केवळ नावासाठी पहिले नाव लिहू नये. दुसरे असे की पसंती दहापर्यंतच देता येतात. दहाही नावे आवाक्याबाहेरची लिहिली, तर उत्तम अल्गोरिदमही हात टेकतो. मागील वर्षीचे शेवटच्या प्रवेशाचे गुण पाहून आपल्या गुणांत खात्रीने बसतील अशी दोन-तीन नावे यादीच्या तळाशी ठेवावीत आणि त्यांच्या वरचा क्रम मुलाला स्वतःला लावू द्यावा.