भिरंड आणि भूक

वैशाख लागला की पेडणे आणि डिचोली या महालांतील घरांच्या अंगणांत भिरंडांची सोले उन्हात पडतात. रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची, हा खटाटोप कित्येक दिवस चालतो. त्याच सोलांची कढी आपण पानावर घेतो ती तोंडाला रुची यावी आणि अन्न पचावे म्हणून. आयुर्वेदानेही या वृक्षाम्लाला रोचन व दीपन, म्हणजे अग्नी चेतविणारे, मानले आहे. आता त्याच्याच कुळातील फळ भूक मारण्यासाठी विकले जाते, याचे आम्हांला प्रथम हसू आले. पण ओळखीच्या एका घरी लग्न ठरलेल्या मुलीने रात्रीचे जेवण सोडून त्याच्या कॅप्सूल सुरू केल्या, तेव्हा मात्र काळजी वाटली. आई म्हणाली, "भिरंडच ना ते! त्याने काय व्हायचे आहे?"

ते भिरंड नव्हतेच. डब्यावरचे 'गार्सिनिया कंबोजिया' म्हणजे केरळात माशांच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी; भिरंडाचे चुलत भावंड. दोहोंच्या सालीत हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असते. लुईस व नीलकंठन या संशोधकांनी १९६५ साली कुडमपुळीत ते ओळखले. साखरेची चरबी होताना लागणारे एक विकर हे आम्ल अडविते, आणि उंदरांची भूकही त्याने मंदावली. माणसांची गोष्ट वेगळी निघाली. अमेरिकेत १३५ स्थूल व्यक्तींवर बारा आठवडे केलेला प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाला. काहींना रोज दीड ग्रॅम आम्ल दिले, बाकीच्यांना नुसत्या दिखाऊ गोळ्या. दोन्ही गटांच्या वजनात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही.

अपाय मात्र दिसले. मे २००९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने 'हायड्रॉक्सिकट' घेणे थांबविण्यास लोकांना सांगितले. यकृताच्या गंभीर विकाराच्या २३ तक्रारी आल्या होत्या, एक मृत्यूही झाला होता. त्या उत्पादनांत अनेक द्रव्यांची मिसळ होती, हे खरे. पण पुढे नुसता गार्सिनियाचा अर्क घेतलेल्यांनाही कावीळ झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. असे रुग्ण थोडेच, पण कोणाला बाधेल हे आधी कळत नाही.

वाटीभर कढीतली दोन-चार सोले आणि रोज गिळलेला दाट अर्क यांची तुलनाच नको. आपल्याकडे अशा डब्यांवर 'औषधी उपयोगासाठी नाही' असे छापावे लागते. अक्षरे बारीक असतात, इतकेच.

त्या आईला आम्ही सांगितले : गोळ्या आजच थांबवाव्यात. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा मळमळ सुरू झाली, तर लगेच डॉक्टर गाठावा, आणि डबा फेकून न देता त्यांना दाखवावा. मुलीला सोलकढी भरपूर वाढावी, पण भातासकट.